मेणवली ते वेळास: मुरूम, कातळ आणि पुळणीवरून

मेणवली आणि वेळास ही दोन गावं जवळपास एकाच अक्षांशावर आहेत. मेणवली वाईजवळ, कृष्णेच्या काठी. वेळास मंडणगड तालुक्यात, बाणकोट खाडीच्या दक्षिणेला, समुद्रावर. पहिल्या गावात नाना फडणीसांचा वाडा आणि घाट आहे, दुसरं त्यांच्या भानू घराण्याचं मूळ गाव. सरळ रेषेत मोजलं तर दोन्हींमध्ये नव्वद किलोमीटरही अंतर नाही. पण तेवढ्यात कृष्णेचं खोरं, कोयनेचं खोरं, सह्याद्रीची धार, कोकणातला जांभ्याचा सडा (सपाट कातळाचं पठार) आणि शेवटी पुळण असं सगळं एकामागून एक येतं. शेत, जंगल आणि समुद्र हे तिन्ही एकाच सफरीत सायकलवरून पाहायचे असतील, तर महाराष्ट्रात मी आधी हीच वाट सुचवेन.

ग्रॅव्हल बाइक म्हणजे वाकड्या हँडलची, पण रुंद टायर बसणारी सायकल. डांबरावर बऱ्यापैकी पळते आणि डांबर संपलं तरी थांबत नाही. या प्रकाराचा बोलबाला अमेरिकेतून सुरू झाला. कॅन्सासमधल्या एम्पोरियाची मोठी शर्यत 2006 पासून होते. तिथले रस्ते शेतांच्या कडेने सरळ रेषेत आखलेले आणि एकाच जातीच्या खडीचे. आपल्याकडे तसं नाही. इथे पन्नास किलोमीटरांत पायाखालची जमीन चार वेळा बदलते. म्हणून तिकडचे सल्ले जसेच्या तसे घेऊ नका. आपल्या वाटेचं नियोजन दोन गोष्टींवर करावं लागतं: जमीन कसली आहे आणि पंचांग काय सांगतं. किलोमीटरचा हिशोब त्यानंतर.

आधी पंचांग. पाऊस संपला की लगेच निघावंसं वाटतं, पण ऑक्टोबर या वाटेसाठी चांगला नाही. घाटाखाली उकाडा असतो. घाटावर काळ्या मातीच्या पाणंदी अजून ओल्या असतात, आणि ती माती टायर आणि फोर्कच्या मधे भरली की चाक फिरतच नाही. सड्यावर गवत उंच असतं आणि त्याखालचे खड्डे दिसत नाहीत. नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ते जानेवारीअखेर हा खरा काळ. त्यातही दिवाळीची सुट्टी आणि नाताळचा आठवडा टाळा, कारण पसरणीचा घाट आणि पाचगणी–महाबळेश्वर रस्ता तेव्हा गाड्यांनी भरलेला असतो. वेळासला कासवांची पिल्लं पाहायची असतील, तर फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा किंवा मार्च धरावा लागेल. मग ऊन सोसायची तयारी हवी आणि दुपारी अकरा ते चार सायकल सावलीत उभी करायची.

महिना ठरला की तिथी बघा. किनाऱ्यावरचे कोळी भरतीची वेळ तिथीवरून सांगतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्यात सहा तास मिळवले किंवा वजा केले की ओहोटी. याचा सायकलस्वाराला मोठा उपयोग आहे. द्वितीया ते चतुर्थी या दिवसांत सकाळी साडेसात ते नऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी येते, आणि अमावास्या-पौर्णिमेचं उधाण नुकतंच होऊन गेलेलं असल्यामुळे पाणी खूप आत जातं. ओली, घट्ट, सपाट पुळण उघडी पडते आणि तीवर टायर जेमतेम रुततो. अष्टमीच्या आसपास गेलात तर सकाळी भरती आणि भर दुपारी ओहोटी, तीही तोकडी. म्हणून मी या सफरीचे दिवस उलटे मोजायला सांगेन. अंजर्ल्याची, म्हणजे पुळणीवरून जायची सकाळ द्वितीया ते चतुर्थीत बसवा आणि तिथून मागे येत वाईचा दिवस ठरवा. गावागणिक वेळ थोडी पुढेमागे होते, तेव्हा आदल्या संध्याकाळी बंदरावर विचारून घ्या.

सायकलबद्दल थोडक्यात. टायर 42 ते 47 मिलिमीटरचे असावेत. घाटावरच्या पाणंदींवर बाभळीचे काटे आणि कोकणात करवंदीचे, त्यामुळे ट्यूबलेस आणि आत पंक्चरविरोधी द्रव हवाच. आपल्या उन्हाळ्यात हा द्रव लवकर सुकतो, निघण्यापूर्वी नवा भरा. सत्तर किलो वजनाच्या माणसाला खडी-मुरुमावर 30 ते 35 पीएसआय हवा पुरे, पुळणीवर ती वीस-बावीसपर्यंत उतरवायची आणि रस्त्यावर आल्यावर पुन्हा भरायची. एक ट्यूब मात्र जवळ ठेवाच, कारण 700 सी मापाची ट्यूब खेड-दापोलीच्या दुकानात मिळेलच असं नाही. प्रेस्टा व्हॉल्व्हवर मोटरसायकलच्या पंक्चरवाल्याची नळी बसत नाही. त्यासाठी मिळणारं छोटं पितळी अडॅप्टर दोन खिशांत दोन ठेवा. गिअर हलके असू द्या. पुढची दातेरी चकती मागच्या सर्वांत मोठ्या चकतीपेक्षा लहान असेल तर कोकणातले चढ बसून चढता येतात. ब्रेकचे पॅड अर्धे झिजलेले असतील तर बदलूनच निघा. ग्रॅव्हल बाइक नाही आणि साधी एमटीबी आहे? तीच घेऊन जा. या वाटेवर ती कुठेही कमी पडत नाही, फक्त डांबरावर थोडी सावकाश जाते.

पहिला दिवस वाईच्या आसपास काढा आणि तो सामान लादून सायकल तपासण्याचा दिवस समजा. सकाळी मेणवलीचा घाट पाहा. वसईच्या 1739 च्या मोहिमेनंतर आणलेली पोर्तुगीज घंटा इथे टांगलेली आहे. तिथून धोमकडे. धोमच्या नृसिंह मंदिरात कासवाच्या आकाराच्या दगडी कुंडात नंदी बसवलेला आहे, पाच मिनिटं थांबायला हरकत नाही. धोम धरणापासून पुढे दोन पर्याय आहेत. एक म्हणजे जलाशयाच्या कडेने बलकवडीकडे आणि पुढे जोरपर्यंत जाऊन त्याच वाटेने परत. कमळगडाचा डोंगर दोन जलाशयांच्या मधे उभा दिसतो आणि वाहनं जवळजवळ नसतात. दुसरा पर्याय धोमच्या कालव्यालगतचा सेवा रस्ता. मुरमाचा, सपाट, हळद आणि उसाच्या शेतांमधून जाणारा. ग्रॅव्हल बाइकवर नव्याने बसलेल्याला यासारखी शाळा नाही. मात्र हा रस्ता पाटबंधारे खात्याचा आहे, सार्वजनिक नव्हे. पाटकरी भेटला तर थांबून विचारा, साखळी लावलेली असेल तर परत फिरा. कालव्याच्या कडेला शेवाळलेल्या अस्तरीकरणावर पाय ठेवू नका. पाणी सोडलेलं असताना आत पडलेल्या माणसाला त्या गुळगुळीत उतारावरून वर येता येत नाही.

उसाचा हंगाम असतो तेव्हा पाणंदींवर ट्रॅक्टर आणि बैलगाड्या येतात. चाकोरीतून जाणाऱ्या बैलगाडीला तुम्ही वाट द्यायची, बैलांच्या मागून एकदम घंटी वाजवायची नाही. माळावर धनगरांचा वाडा उतरलेला दिसला तर सायकलवरून उतरा आणि ती आपल्या आणि कुत्र्यांच्या मधे धरून चालत जा. मेंढपाळाला हाक मारा, तो कुत्री आवरतो. पळणाऱ्या सायकलमागे ती हमखास धावतात.

दुसऱ्या दिवशी वाईहून पहाटे निघून पसरणीचा घाट उजाडताना चढायचा. वाई ते महाबळेश्वर 32 किलोमीटर, सगळं डांबर. हा टप्पा फक्त पार करायचा आहे, रेंगाळायचं नाही. पाचगणीच्या पठाराच्या कडेला लालसर, छिद्रांचा खडक दिसेल तेवढा मात्र बघून ठेवा. तो जांभा. हाच खडक दोन दिवसांनी समुद्राजवळ पुन्हा भेटणार आहे. महाबळेश्वरात जेवून तापोळ्याकडे उतरा. सुमारे 1,350 मीटरवरून कोयनेच्या जलाशयापर्यंत, म्हणजे जवळजवळ सातशे मीटरचा उतार आहे. वळणांवर बारीक खडी साचलेली असते. ब्रेक सतत दाबून धरू नका, वळणाआधी दाबा आणि वळणात सोडा. दोन्ही हातांची बोटं दुखायला लागली की थांबा.

तापोळ्याला मुक्काम केल्यावर त्याच संध्याकाळी तीन कामं उरका. जलाशयापलीकडे कांदाटी खोऱ्यात नेणाऱ्या सकाळच्या लाँचची किंवा तराफ्याची वेळ धक्क्यावर जाऊन विचारा. पलीकडे जेवणाची सोय हवी असेल तर कुणाकरवी निरोप पाठवा, कारण कांदाटी खोऱ्यात फोनला रेंज मिळेलच असं नाही. आणि दोन दिवसांच्या खाण्याची तजवीज इथेच करा: दाणे, गूळ, राजगिऱ्याची वडी, भाकरी-चटणी. पलीकडे दुकानं विरळ आहेत.

कांदाटीचं खोरं हा माझ्या लेखी या सफरीचा गाभा आहे. 1960 च्या दशकात कोयना धरण झालं, शिवसागराचं, म्हणजे त्याच्या जलाशयाचं पाणी चढलं, नदीकाठची गावं उठली. ज्या वाड्या वर सरकून टिकल्या त्यांच्यासाठी लाँच ही आजही जाण्यायेण्याची खरी वाट आहे. अकल्पे, लामज, उचाट, वळवण, शिंदी ही त्यातली काही गावं. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जलाशय भरलेला असतो आणि लाँच थेट धक्क्याला लागते. एप्रिल-मेमध्ये पाणी मागे हटतं आणि उतरल्यावर चिखलातून सायकल खांद्यावर घेऊन चालावं लागतं. हेही हिवाळ्यात जाण्याचं एक कारण. खोऱ्यातला रस्ता कुठे उखडलेलं डांबर, कुठे खडी, कुठे लाल मुरूम असा आहे. वेग दहा-बाराच्या वर जात नाही आणि जाऊही नये.

वाट विचारायची एक पद्धत असते, ती इथे कामाला येते. “मावशी, पुढे वाट आहे का?” असं विचारलं तर उत्तर “आहे की” असंच येणार. ते खरंही असतं, कारण त्यांची पायवाट आहेच. “किती लांब आहे?” याचंही उत्तर त्यांच्या चालीने मिळतं. त्याऐवजी विचारा, “एसटी जाते का तिथवर?” जिथे मुक्कामी एसटी जाते तिथवर रस्ता पक्का धरा. एसटी नसेल तर “ट्रॅक्टर जातो का?” जात असेल तर तुमची सायकलही जाईल. तोही नसेल तर “मोटरसायकलवरून कुणी जातं का?” आणि शेवटी, “पावसात साकव वाहून गेलेला पुन्हा घातला का?” या प्रश्नांतून जी माहिती मिळते ती कुठल्याही नकाशावर नसते, कारण नकाशाला या वर्षीचा पाऊस माहीत नसतो. उपग्रहाच्या चित्रात लाल रेघ दिसली म्हणून वाट ठरवू नका. ती रेघ चिरेखाणीत जाऊन संपत असेल.

हा सगळा परिसर कोयना अभयारण्याला लागून आहे आणि 2010 मध्ये झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात कोयना आणि चांदोली ही दोन्ही जंगलं येतात. गावांना जोडणारा रस्ता सोडून जंगलात शिरणाऱ्या वाटेवर वन खात्याच्या परवानगीशिवाय जाऊ नका. तसं करणं बेकायदा तर आहेच, शिवाय गवा आणि अस्वल इथले रहिवासी आहेत. सायकल आवाज न करता चालते, म्हणून वळणावर जनावर अगदी समोर येऊ शकतं. गवा दिसला तर जागीच थांबा, हळूहळू मागे सरका, तो आपल्या वाटेने जाईपर्यंत थांबून राहा. सूर्य मावळायच्या आत मुक्काम गाठायचाच. कड्यांना आग्या मोहोळं असतात: त्यांच्या खाली धूर, अत्तर, आरडाओरडा काही नको. देवराईतून सायकल चालवू नका. बाहेर लावा, पायताण काढून आत जा, तिथला वाळका काटकासुद्धा कुणी उचलत नाही.

शिंदीच्या पुढे धार ओलांडली की रघुवीर घाट सुरू होतो आणि खोपीपर्यंत कोकणात उतरतो. पावसाळ्यात इथे दरडी येतात आणि घाट बंद ठेवला जातो. हिवाळ्यातही कडेच्या भिंतीवरून निखळलेले दगड रस्त्यावर असतात. उतरताना हवा बदलते, अंगातला स्वेटर पहिल्या दहा मिनिटांत नकोसा होतो. खोपीहून खेडला जाताना भरण्याजवळ मुंबई–गोवा महामार्ग ओलांडावा लागतो. तो पायी ओलांडा. खेडला मुक्काम करा, आणि ज्याला पुढचं जमणार नाही असं वाटेल त्याने इथून रेल्वेने परतावं. त्यात कमीपणा नाही. पुढचा कोकणाचा भाग जानेवारीत वेगळा करता येतो.

कोकणातले चढ घाटावरच्या माणसाला फसवतात. सगळे डोंगर बुटके दिसतात. पण प्रत्येक गाव खाडीच्या पातळीला, आणि दोन गावांच्या मधे शंभर-दीडशे मीटर उंचीचा सडा. उतरायचं, चढायचं, पुन्हा उतरायचं. पन्नास किलोमीटरांत हजार मीटरच्या आसपास चढ सहज भरतो. शिवाय दमट हवेत घाम सुकत नाही. तीन लिटर पाणी, मीठ-साखर आणि जिथे मिळेल तिथे कोकम सरबत किंवा शहाळं हा नियम करा. खेड ते दापोली आणि पुढे अंजर्ल्यापर्यंतचा दिवस छोटा दिसत असला तरी तो भरगच्च आहे. हर्णैला संध्याकाळचा मासळीचा लिलाव आणि समोर सुवर्णदुर्ग. तिथे सायकल लिलावाच्या गर्दीत न्यायची नाही.

सड्यावर चालवताना नजर पुढच्या दहा पावलांवर हवी. कातळ घट्ट असतो, त्यावर टायर चांगला धरतो. पण त्यावर सुटे गोल खडे पसरलेले असतात आणि वळणावर पुढचं चाक त्यांच्यावरून निसटतं. वळण घेताना सायकल कलंडवू नका, वेग आधीच कमी करून ती उभी ठेवूनच वळवा. चिरेखाणी ही खरी धोक्याची जागा. सपाट सड्यावर मधेच सरळ भिंतींचा खोल चौकोनी खड्डा, बहुतेकदा कुंपण नसलेला. अंधारात किंवा धुक्यात सड्यावर सायकल घालायचीच नाही. गावात उतरताना पाखाडी लागली तर सायकल उचला. त्या पायऱ्या लोकांनी श्रमाने रचलेल्या आहेत, टायरच्या धक्क्यांनी चिरे निखळतात.

अंजर्ल्याहून उत्तरेला पाडले, आडे, उटंबर, केळशी हा पट्टा या सफरीतला सर्वांत सुंदर आहे असं मला वाटतं. कडेला सुरूचं बन, मधे छोटे खडकाळ भाग, आणि ओहोटीला लांबच लांब पुळण. चालवायचं ते पाण्याजवळच्या ओल्या पट्ट्यावरून. भरतीची रेघ ओलांडून वर कोरड्या वाळूत जायचं नाही. तिथे चाक रुततंच, पण खरं कारण वेगळं आहे. नोव्हेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत ऑलिव्ह रिडले कासवं या किनाऱ्यांवर रात्री येऊन त्याच कोरड्या वाळूत अंडी घालतात. म्हणून रात्री किनाऱ्यावर सायकल आणि दिवे दोन्ही नकोत. ओढ्यांची मुखं ओलांडताना आधी चालत जाऊन तळ पाहा. मऊ रेतीत पाय घोट्याच्या वर गेला तर वळसा घ्या.

केळशीला नदीच्या मुखाशी वाळूची जुनी टेकडी आहे, पुरातत्त्वाच्या अभ्यासकांनी तिचे थर तपासले आहेत. तीवर सायकल चढवू नका, ती ठिसूळ आहे. इथे भारजा नदीची खाडी आडवी येते, तिला आतून वळसा घालून वेळास गाठायचं. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने 2002 पासून गावकऱ्यांच्या साथीने कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. आता गावातल्या घराघरांत पाहुण्यांची राहण्या-जेवण्याची सोय होते. आधी फोन करून जा, जेवणात काय हवं ते आदल्या दिवशी सांगा, आणि सायकल अंगणात लावण्यापूर्वी चिखल बाहेर झटकून या. सारवलेलं अंगण घरातल्या बायकांनी सकाळीच हाताने केलेलं असतं.

परतीसाठी बाणकोटवरून वेशवी गाठा. तिथून फेरीबोट खाडीपलीकडे बागमांडल्याला सोडते, सायकलचं तिकीट किरकोळ असतं. ही खाडी सावित्रीची, आणि सावित्री उगम पावते महाबळेश्वरात, जिथून तुम्ही चार दिवसांपूर्वी उतरलात. बागमांडल्याहून हरिहरेश्वर, म्हसळा करत माणगावपर्यंत साठ-पासष्ट किलोमीटर. ते एका दिवसात होतात. तिथून रेल्वेचा विचार असेल तर त्या स्टेशनवर सायकल पार्सलने घेतात का, हे घरून निघण्याआधीच विचारून ठेवा. टपावर कॅरिअर असलेल्या एसट्या आता कमी दिसतात. चौघे-पाच जण असाल तर माणगावहून पिकअप ठरवणं सर्वांत सोपं पडतं.

घरी पोचल्यावर झोपण्याआधी सायकल गोड्या पाण्याने धुवा, जोराच्या फवाऱ्याने नव्हे, साध्या बादलीने. चेन काढून रॉकेलमध्ये बुडवा, वाळवा, तेल द्या. सीटचा खांब बाहेर काढून आतलं पाणी उलटं करून ओता आणि वंगण लावून पुन्हा बसवा. ब्रेकचे पॅड काढून त्यांच्यावर बसलेली जांभ्याची लाल धूळ सँडपेपरने घासा. पेडलजवळचं बेअरिंग करकरत असेल तर त्याच आठवड्यात मेकॅनिककडे न्या, कारण खारं पाणी आत राहिलं की महिन्याभरात ते गंजून धरतं.